रॉक रेडिओवरचा डीजे: गाणी कोण निवडतं, बोलायचं किती आणि नोकरी टिकते कशी

तुमची भाची क्लीव्हलँडला शिकते, कॉलेजच्या रेडिओवर आठवड्याला दोन तास रॉकचा कार्यक्रम करते आणि पदवी झाली की हेच काम करायचं म्हणते. रॉक केंद्रावरचा डीजे नेमकं काय करतो, त्यासाठी काय शिकावं लागतं आणि त्यावर घर चालतं का, असा तुमचा प्रश्न आहे. काम आहे, आणि चांगलं काम आहे. पण तिला आज ते जसं दिसतं तसं ते नाही, आणि पूर्णवेळ जागा कमी होत चालल्या आहेत.

आधी गाण्यांचं बोलू, कारण गैरसमज तिथेच असतो. कॉलेजच्या केंद्रावर ती स्वतःच्या आवडीची गाणी लावते. ही केंद्रं बहुतेक ८८ ते ९२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. अमेरिकेत तो पट्टा बिगर-व्यावसायिक प्रसारणासाठी राखीव आहे, तिथे जाहिराती विकायच्या नसतात, त्यामुळे श्रोता मध्येच उठून गेला तरी कुणाच्या खिशाला चाट बसत नाही. व्यावसायिक रॉक केंद्रावर मात्र डीजे गाणी निवडत नाही. प्रोग्रॅम डायरेक्टर आणि म्युझिक डायरेक्टर यादी ठरवतात, सिलेक्टर किंवा म्युझिकमास्टरसारखं सॉफ्टवेअर ती तासातासांत मांडतं, आणि डीजेच्या हातात तयार लॉग, म्हणजे तासाची क्रमवार यादी, येतो. त्यातलं गाणं परस्पर बदललं तर खुलासा द्यावा लागतो.

हे नेहमी असं नव्हतं. १९६४ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, नियम केला की मोठ्या शहरांत एकाच मालकाच्या एएम आणि एफएम केंद्रांवर अर्ध्याहून जास्त वेळ तोच कार्यक्रम चालवता येणार नाही. तो पुरता अमलात यायला १९६७ उजाडलं. एफएमच्या मोकळ्या वेळात काय लावायचं हे मालकांना सुचत नव्हतं, आणि त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत टॉम डोनाह्यू यांनी केएमपीएक्स या एफएम केंद्रावर अल्बममधली लांबलचक गाणी डीजेच्या मर्जीने लावायला सुरुवात केली. न्यूयॉर्कला डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएमवर स्कॉट म्यूनी आणि रात्री अ‍ॅलिसन स्टील यांनी त्याच मोकळीकीवर नाव कमावलं. सत्तरच्या दशकात ली अब्राम्स यांच्यासारखे सल्लागार आले. श्रोत्यांची मतं गोळा करून बांधलेली गाण्यांची यादी त्यांनी गावोगावच्या केंद्रांना दिली, केंद्रांचे श्रोते वाढले आणि डीजेची मर्जी संपत गेली.

यादी डीजेच्या हातातून काढायला आणखी एक जुनं कारण आहे, आणि ते तुमच्या भाचीच्याच गावचं आहे. १९५१ पासून क्लीव्हलँडच्या डब्ल्यूजेडब्ल्यूवरून रात्री कार्यक्रम करणारे अ‍ॅलन फ्रीड रॉक रेडिओचे आद्य डीजे मानले जातात. पुढे न्यूयॉर्कला ते पेओलाच्या, म्हणजे गाणं वाजवण्यासाठी गुपचूप पैसे घेण्याच्या प्रकरणात अडकले आणि १९६२ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. त्याआधी १९६० मध्येच कायदा दुरुस्त झाला होता. श्रोत्यांना न सांगता पैसे, वस्तू किंवा सेवा घेऊन गाणं वाजवलं तर १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद, ही तरतूद आजही लागू आहे. रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने विमानाचं तिकीट आणि हॉटेल देऊ केलं, तर ते स्वीकारायच्या आधी केंद्राला लेखी कळवायचं, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडायला हवं.

यादी कशी फिरते हे डीजेला कळलंच पाहिजे, कारण बढतीची वाट म्युझिक डायरेक्टरच्या खुर्चीतून जाते. नवं रॉक वाजवणाऱ्या केंद्रावर गाणी गटांत वाटलेली असतात: सध्या सर्वांत जास्त वाजणारी, नुकतीच उतरणीला लागलेली, आणि जुनी. समजा पहिल्या गटात ६ गाणी आहेत आणि दर तासाला त्यातलं एक वाजतं. प्रत्येक गाणं ६ तासांनी परत येईल. हिशेब नीटनेटका दिसतो, पण २४ ला ६ ने पूर्ण भाग जातो, म्हणून सोमवारी सकाळी ८ च्या तासात लागलेलं गाणं मंगळवारी, बुधवारी, रोजच ८ च्या तासात लागतं. रोज त्याच वेळी गाडीत बसणाऱ्या माणसाला वाटतं, यांच्याकडे एकच गाणं आहे. गटात ७ गाणी ठेवली की तेच गाणं दुसऱ्या दिवशी पहाटे ५ आणि दुपारी १२ ला येतं, तिसऱ्या दिवशी पहाटे २ आणि सकाळी ९ ला, आणि पुन्हा ८ च्या तासात यायला आठवडा लागतो. एका गाण्याने एवढा फरक पडतो. बहुतेक तक्रारी ‘गाणी कमी आहेत’ अशा येतात, आणि मूळ शोधलं तर दोष बहुधा अशा भागाकारात असतो. क्लासिक रॉकच्या केंद्रावर नवी गाणी जवळजवळ नसतातच. काहीशे गाण्यांचा साठा वर्षानुवर्षं फिरत राहतो, त्यामुळे तिथे डीजेला बोलण्यासाठी नव्या बातम्यांपेक्षा जुन्या गाण्यांची पक्की माहिती जास्त लागते.

मग डीजेच्या वाट्याला काय उरतं? दोन गाण्यांमधली जागा. तासाला साधारण ३ ते ५ वेळा बोलायला मिळतं, एका वेळी २० ते ४० सेकंद. चार तासांच्या पाळीत १६ वेळा आणि सरासरी अर्धा मिनिट धरलं तर एकूण ८ मिनिटं. पगार या ८ मिनिटांचा असतो, आणि माझ्या मते या धंद्यातली सगळी कला तिथेच आहे. संगीताचं ज्ञान असलेले पुष्कळ भेटतात, पण ३० सेकंदांत एकच गोष्ट सांगून थांबता येणारे फार थोडे.

एक ब्रेक, म्हणजे दोन गाण्यांमधलं एक बोलणं, जवळून बघू. पुढच्या गाण्याच्या सुरुवातीला १७ सेकंद नुसती वाद्यं आहेत, मग गायक येतो. स्क्रीनवर १७ पासून उलटी मोजणी चालू होते. पहिले २ सेकंद गिटारला द्यायचे, कारण गाणं ओळखलं की माणूस थांबतो. पुढचे २ ते ३ सेकंद केंद्राचं नाव. मग १० सेकंद एक गोष्ट, फक्त एक: बँड शुक्रवारी गावात येतोय, किंवा हा ड्रमर दोन महिन्यांपूर्वीच आलाय. इंग्रजीत सहज बोलताना सेकंदाला अडीच ते तीन शब्द जातात, म्हणजे १० सेकंदांत २५ ते ३० शब्द. तेवढेच लिहून काढायचे. गायकाच्या आधी अर्धा-एक सेकंद मोकळा सोडायचा आणि माइक बंद. शेवटचा शब्द गायकाच्या पहिल्या शब्दावर चढला की ऐकणाऱ्याचा हिरमोड होतो, आणि रॉकचा श्रोता याबाबत फार कडवा असतो. चूक होते ती बहुतेक दोन कारणांनी. एक तर वाक्य संपवायचा हट्ट; वाक्य अर्ध्यात सोडता येत नसेल तर ते मुळात लांब लिहिलेलं होतं. दुसरं म्हणजे संगणकात गायकाच्या प्रवेशाची खूण चुकीची टाकलेली असते. म्हणून नवं गाणं प्रसारणाआधी एकदा स्वतः ऐकून खूण तपासायची. शेवटही तपासायचा: काही गाणी थांबल्यासारखी वाटून पुन्हा उसळतात, आणि तेवढ्यात डीजे बोलायला लागलेला असतो.

ब्रेक शेवटाकडून लिहावा. बाहेर पडायचं वाक्य आधी ठरवायचं, मग आत शिरायचं वाक्य, मधलं नंतर. नवशिके उलट करतात, जोरात सुरुवात करतात आणि शेवटी ‘तर मग... ऐकत राहा’ यावर घुटमळतात. ‘सगळ्यांना नमस्कार, मित्रांनो’ अशा थाटात जमावाशीही बोलू नये. रेडिओ ऐकणारा बहुधा एकटा असतो, गाडीत किंवा गॅरेजमध्ये, आणि बोलणं त्या एका माणसाशी व्हायला हवं.

माइकचं तंत्र एका दुपारीत शिकून होतं, पण बरेच जण ते शिकत नाहीत. अमेरिकी स्टुडिओत इलेक्ट्रो-व्हॉइस आरई२० किंवा शुअर एसएम७बी दिसतील. एसएम७बीच्या जितकं जवळ जाल तितका आवाजातला खर्ज वाढतो. आरई२० ची रचनाच अशी आहे की अंतर बदललं तरी खर्ज फारसा बदलत नाही, म्हणून हातवारे करत बोलणाऱ्याला तो सोयीचा. अंतर साधारण १० ते १५ सेंटिमीटर ठेवावं आणि तोंड माइकच्या थेट समोर न ठेवता किंचित बाजूला, म्हणजे प आणि ब चे फटके बसत नाहीत. खर्जासाठी गळा दाबून बोलणं हा सगळ्यात महागात पडणारा दोष आहे. काही वर्षांत आवाज घोगरा होतो. एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: ट्रान्समीटरआधीचा प्रोसेसर बारीक आवाज वर उचलतो. स्टुडिओत जाणवतही नाही अशी खुर्चीची करकर, कागदाची सळसळ, वाक्याआधीचा श्वास घराघरांत ठळक ऐकू येतो.

हेडफोनचा आवाज बेताचा ठेवावा. ८५ डेसिबलला ८ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९४ डेसिबलला उरतो १ तास. रॉक ऐकताना ९४ गाठायला काहीच लागत नाही, आणि गेलेला कान परत येत नाही. एचडी रेडिओ, म्हणजे डिजिटल प्रसारण, असलेल्या केंद्रावर हवेतला सिग्नल साधारण ८ सेकंद मागे असतो, त्यामुळे हेडफोनमध्ये हवेतला आवाज घेऊन बोलताच येत नाही, वेगळा सरळ फीड घ्यावा लागतो. कॉलेजातून आलेले पहिल्या दिवशी इथे हमखास गडबडतात.

नियमांत चुकलं तर केंद्राला दंड होतो आणि डीजेची नोकरी जाते, म्हणून हे पाठ हवं. तासाच्या टोकाला, नैसर्गिक खंडात, केंद्राची कॉल लेटर्स (डब्ल्यूजेडब्ल्यूसारखं अक्षरी नाव) आणि लगेच त्यामागे परवान्यातलं गाव सांगायचं; मध्ये ‘रॉकचा बादशहा’ वगैरे घुसवलं तर ती कायदेशीर ओळख ठरत नाही. सकाळी ६ ते रात्री १० अश्लील भाषा हवेत जाता कामा नये. या बंधनामागे न्यूयॉर्कच्या एका केंद्रावरचं १९७३ चं प्रसारण आणि १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. रॉकमध्ये इथे खरा धोका डीजेच्या तोंडाचा नसतो. रेडिओसाठी कापलेल्या गाण्याऐवजी कुणीतरी अल्बममधली मूळ आवृत्ती संगणकात चढवलेली असते, धोका तिथे असतो. फोनवर आलेल्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करण्याआधी किंवा हवेत सोडण्याआधी त्याला तसं सांगावं लागतं, ‘हॅलो’ म्हणायच्या आधी रेकॉर्डिंग चालू केलं तरी नियम मोडतो. थेट फोन घेताना काही सेकंदांचा डिले चालू असतो, म्हणजे बोलणं तेवढं उशिरा हवेत जातं. शिवी आली की हे साठलेलं बोलणं पुसणारं डंपचं बटण एकदाच दाबायचं आणि बोलणं चालू ठेवायचं. घाबरून दोनदा दाबलं तर साठवलेली उरलीसुरली सेकंदंही जातात आणि पुढच्या शिवीला आडोसाच राहत नाही.

श्रोते मोजण्याची पद्धतही समजून घ्यावी, नाहीतर ‘इथे बोल, तिथे बोलू नकोस’ हे हुकूम लहरी वाटतात. मोठ्या शहरांत निल्सन कंपनी निवडक लोकांना छोटं यंत्र देते, ते प्रसारणात मिसळलेली, कानाला न कळणारी खूण टिपतं. तास चार पाव तासांत वाटलेला असतो. पूर्वी एका पाव तासात ५ मिनिटं ऐकलं तर तो पूर्ण पाव तास केंद्राच्या खात्यात पडायचा, आता २०२५ पासून यंत्रावर मोजल्या जाणाऱ्या शहरांत ३ मिनिटं पुरतात. १० वाजून १० मिनिटांनी रेडिओ लावून १० वाजून २० मिनिटांनी बंद करणारा माणूस दोन पाव तास देतो. १० ते १० वाजून १० पर्यंत ऐकणारा तेवढीच मिनिटं ऐकून एकच. म्हणून जाहिराती पाव तासाच्या सांध्यावर न टाकता मध्ये टाकतात, सांध्यावरून गाणं वाहत नेतात, आणि डीजेला जाहिरातींआधी पुढे काय येणार ते नावानिशी सांगायला लावतात. ‘लवकरच परत येतो’ याने कुणी थांबत नाही. ‘६ मिनिटांत शनिवारच्या मैफलीची दोन तिकिटं’ याने थांबतात.

आता नोकरीचं. भाचीला या सत्रातच एअरचेक, म्हणजे नोकरीसाठी पाठवायचा आपल्या बोलण्याचा नमुना, तयार करायला सांगा. कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमधून गाणी कापून टाकायची, प्रत्येकाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे २-३ सेकंद ठेवायचे, उरलेलं स्वतःचं बोलणं ३ मिनिटांत बसवायचं. सगळ्यात चांगला ब्रेक पहिला. प्रोग्रॅम डायरेक्टर बहुधा २० ते ३० सेकंदांत निर्णय घेतो, शेवटासाठी काही राखून ठेवू नये. वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे चालतात, पण घरी बसून पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केलेलं बोलणं नको, ते ओळखू येतं.

पहिलं काम सहसा शनिवार-रविवारच्या पाळीचं, तासावारी मोबदल्यावर मिळतं, नाहीतर प्रमोशनच्या गाडीवर तंबू ठोकण्याचं. तेही घ्यावं, कारण आजारी डीजेच्या जागी ऐनवेळी तिथलाच माणूस बसवतात. लहान गावातून मोठ्या शहराकडे जाण्याची जुनी वाट अजून आहे, फक्त तिच्या पायऱ्या कमी झाल्यात. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशभरात एका मालकाकडे किती केंद्रं असावीत याची मर्यादा उठवली. काही वर्षांत एकेका कंपनीकडे शेकडो केंद्रं आली आणि मोठ्या शहरातला एकच डीजे व्हॉइस ट्रॅकिंगने, म्हणजे बोलणं आधीच रेकॉर्ड करून, दहा गावांसाठी बोलू लागला. वर सांगितलेली ८ मिनिटं रेकॉर्ड करायला सरावलेल्या माणसाला पाऊण तास लागतो, तेव्हा रात्रीच्या पाळीसाठी जागं राहणारा माणूस कंपनीला खर्च वाटतो. पूर्वी रात्रीच्या पाळीतच नवे लोक घडायचे, ती शाळा बंद झाली. हे नुकसान नोकऱ्यांपुरतं नाही. जानेवारी २००२ मध्ये नॉर्थ डकोटातल्या माइनॉट गावाजवळ अमोनिया वाहून नेणारी मालगाडी घसरली, तेव्हा गावातली सहाही व्यावसायिक केंद्रं एकाच कंपनीची होती आणि लोकांना रेडिओवरून वेळेत इशारा मिळाला नाही. २०१७ मध्ये तर गावात मुख्य स्टुडिओ ठेवण्याची अटच रद्द झाली.

म्हणून तिने गाव पकडावं. ती क्लीव्हलँडची असेल तर तिथले छोटे क्लब, गॅरेजमधले बँड, तुंबणारे रस्ते, तळ्यावरून येणारा बर्फ, हे तिच्या तोंडी असायला हवं. दुसऱ्या राज्यातून रेकॉर्ड करणारा तेवढं करू शकत नाही. जोडीला दुसरं एक काम हातात हवं: जाहिरातींचं ध्वनिसंपादन, म्युझिक शेड्युलिंग, किंवा केंद्राचं डिजिटल काम. फक्त बोलणारा माणूस कपातीच्या यादीत वर असतो. उत्पन्नही असंच तुकड्यांनी जुळतं: पाळीचा पगार, दुकानांतल्या थेट कार्यक्रमांचं मानधन, बाहेरच्या जाहिरातींना आवाज, आणि स्वतःच्या नावाने केलेली शिफारस. शिफारशीत सांभाळून राहावं. न वापरलेली वस्तू ‘मी वापरते’ म्हणून सांगणं फसवणूक ठरते. हातात न आलेल्या एका फोनची स्तुती रेडिओ निवेदकांकडून करून घेतल्याबद्दल २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दोन मोठ्या कंपन्यांवर कारवाई केली होती. पहिली काही वर्षं फक्त डीजेच्या पगारावर घर चालेल असं धरू नका. चांगलं आणि टिकाऊ उत्पन्न बहुतेक सकाळच्या कार्यक्रमातल्या लोकांना मिळतं, आणि त्यासाठी पहाटे साडेतीनला उठण्याची तयारी लागते.

ती विद्यार्थी व्हिसावर असेल तर हिशेब आणखी कडक होतो. कॉलेजच्या केंद्रावर विनामोबदला कार्यक्रम करणं वेगळं, बाहेरच्या केंद्रावर काम करणं वेगळं. दुसऱ्यासाठी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाची परवानगी आधी हवी, आणि पदवीनंतरचं प्रशिक्षण अभ्यासाच्या विषयाशी जुळलं पाहिजे. नंतर एच-१बी या कामाच्या व्हिसासाठी त्या कामाला विशिष्ट पदवी लागते हे दाखवावं लागतं, आणि डीजेच्या नोकरीत ते दाखवणं अवघड आहे. प्रसारण अभियांत्रिकी किंवा डेटाचं काम नोकरी म्हणून धरून पडद्याआडून रेडिओत राहणं तिला जास्त शक्य आहे. भारतात परतायचं तर इंग्रजी संगीत वाजवणारी खासगी केंद्रं मोजकीच आहेत. बेंगळुरू आणि गोव्यातलं रेडिओ इंडिगो ९१.९ हे त्यांतलं ओळखीचं नाव. इंटरनेटवर स्वतःचं केंद्र काढायचं म्हटलं, तर अमेरिकेच्या वैधानिक परवान्याखाली (गाणी लावण्याचा, कायद्यानेच अटी ठरवलेला परवाना) एका कलाकाराची ३ तासांत ४ पेक्षा जास्त गाणी लावता येत नाहीत, आणि त्यातलीही सलग ३ च. रॉकवाल्यांना आवडणारा एकाच बँडचा अखंड तास तिथे बसत नाही.

पहिला करार हातात आला की दोन कलमं शोधायला सांगा. एक, नोकरी सुटल्यावर त्याच शहरातल्या दुसऱ्या केंद्रावर किती महिने बोलायची बंदी आहे. न्यूयॉर्क राज्याने २००८ मध्ये प्रसारण कर्मचाऱ्यांवरची अशी बंदी कायद्याने रोखली, पण सगळ्या राज्यांत तसं संरक्षण नाही. सहा महिन्यांच्या बंदीचा अर्थ बहुधा बिऱ्हाड हलवणं असा होतो. दुसरं कलम आवाजाचं. २०२३ मध्ये पोर्टलंडच्या एका केंद्राने आपल्याच निवेदिकेच्या आवाजाची संगणकी प्रतिकृती दुपारी काही तास हवेत सोडली, तिच्या संमतीने. करारात ‘आवाज आणि त्यापासून तयार होणारं सर्व काही’ कंपनीचं असं लिहिलेलं असेल, तर तिथे मुदत, वापराची जागा आणि वेगळा मोबदला लिहून घ्यावा, आणि नोकरी संपली की तो वापरही थांबेल हे वाक्य त्यात घालून घ्यावं.